थांबचाचांची दुसरी निवड

बसस्टॉपवर बस आली की सगळे तिच्याकडे धावत आणि थांबचाचा मात्र शांतपणे दुसरीची वाट बघत. समोर आलेल्या चहाला दुसऱ्यांचे कप रिकामे होईपर्यंत हात लावत नसत. बहारीनला मनामा शहराच्या मासळीबाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे तर शिक्षाच. सुरमईवाला भाव सांगून सांगून दमायचा आणि चाचा हात वर करून मला म्हणायचे, "थांब. घाय कशाला? अर्ध्या तासात हाच आपल्याला हाक मारील." आणि तो मारायचा. कागदोपत्री त्यांचं नाव वेगळं होतं, पण गोदामातली मल्याळी मंडळीसुद्धा अर्थ न कळता त्यांना थांबचाचाच म्हणत.

ते राजापूरकडच्या खाडीकाठचे, मी संगमेश्वरचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बहारीनला उतरलो तेव्हा त्यांनीच मला सनद नावाच्या वस्तीतल्या आपल्या खोलीत जागा दिली. सोमवारी मी मासे खात नाही हे कळल्यावर त्या दिवशी तेही डाळभातावर भागवू लागले. मी म्हटलं, "चाचा, तुम्ही कशाला?" तर म्हणाले, "एका खोलीत दोन वास नकोत." माणसाला आपलंसं करायची त्यांची रीत अशी होती. मी तर पुरता त्यांचा झालो होतो.

आमचं गोदाम एका अमेरिकन कंपनीचं. साहेब इतका उंच की आम्ही त्याला आपसात लंबूसाहेब म्हणायचो. हा लंबूसाहेब दरवर्षी त्यांच्याकडच्या फुटबॉलचा एक कागदी खेळ खेळायचा. त्यांचा फुटबॉल पायापेक्षा हातानंच जास्त खेळतात, पण ते असो. आठ जणांनी आळीपाळीनं खऱ्या खेळाडूंची नावं उचलायची, मग ते खेळाडू तिकडे अमेरिकेत जे दिवे लावतील त्याचे गुण इकडे आपल्याला. दोन दिवस शिळा अमेरिकन पेपर आला की साहेब कँटीनच्या फळ्यावर तक्ता लावायचा. एका वर्षी दोन अमेरिकन मायदेशी गेले आणि त्यांच्या जागी चाचांना आणि मला घेतलं.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. चाचा मात्र आठ वर्षं मागे उभे राहून तो खेळ बघत आले होते. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघ चालवणारा गडी. अमेरिकन त्याच्यावर पहिल्याच फेरीत झडप घालत आणि चाचा गालातल्या गालात हसत. मला समजावत, "बघ, फेकणारा प्रत्येकाला लागतो एक. चेंडू घेऊन पळणारे लागतात तीन. आठांचे आठ फेकणारे गेले तरी बाजारात चांगले शिल्लक राहतात. पळणारे संपतात. म्हणून फेकणारा मागाहून."

त्या वर्षी या नियमाला एकच अपवाद होता. त्याला चाचांनी नाव ठेवलं होतं 'खोत', कारण मैदानावर सगळे त्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर हलत. आदल्या वर्षी त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे अमेरिकन त्याला हात लावायला बिचकत होते. पण तो सरावात पूर्वीसारखाच फेकतोय अशी चार ओळींची बातमी चाचांनी शिळ्या पेपरातून कापून ठेवली होती. ती त्यांनी फक्त मला दाखवली.

आता लंबूसाहेबाची खोड सांगायला हवी. आतल्या एसी ऑफिसात प्लॅनिंगची एक खुर्ची जानेवारीत रिकामी होणार होती. साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, "मला कधी काय उचलायचं हे कळणारा माणूस हवा. तुम्हा दोघांत जो या खेळात वर राहील, खुर्ची त्याची." तो हसत म्हणाला, पण दिलेला शब्द मोडणारा तो नव्हता. त्या खुर्चीबरोबर फॅमिली व्हिसा मिळत होता. माझी सुनंदा गावी होती. मुलगी नऊ महिन्यांची, तीही मी फक्त फोटोत पाहिलेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शुक्रवारी मासे साफ करता करता चाचांनीच विषय काढला. "मला काय करायचीय खुर्ची? माझं किती राह्यलं आता? तुझी सुनंदा येऊ दे, पोरगी येऊ दे. खोत तू घे. मी तुझ्या आडवा येणार नाय. जबान हाय माझी." हात खवल्यांनी माखलेले होते म्हणून त्यांनी मनगट माझ्या मनगटाला लावलं. मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो.

ऑगस्टअखेरच्या एका गुरुवारी दुपारी कँटीनमध्ये निवड झाली. चिठ्ठ्या टाकल्या, मला सातवा नंबर आला, चाचांना आठवा. पहिली फेरी एक ते आठ जायची, दुसरी उलटी आठ ते एक. म्हणजे माझं पहिलं नाव झालं की चाचा लागोपाठ दोन नावं घेणार आणि लगेच पुन्हा मी. सहाही अमेरिकनांनी खोताला सोडलं. माझी पाळी आली. मी खोताचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि टेबलाखालून चाचांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. "थांब," ते हळूच म्हणाले. "आधी पळणारा घे. खोत कुठं जात नाय. मधे मीच हाय."

मी पळणारा घेतला. चाचांनीही एक पळणारा घेतला. मग ते उठून उभे राहिले आणि स्वच्छ इंग्रजीत त्यांनी खोताचं पूर्ण नाव घेतलं.

अमेरिकन हसले. ऑपरेशन झालेल्या माणसाला इतक्या लवकर कोण उचलतं, असं त्यांचं म्हणणं. मी चाचांकडे बघत राहिलो, ते फळ्याकडे बघत राहिले. परतताना बसमध्ये मी विचारलं, "चाचा, हे काय केलंत?" खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "चूक झाली रे. तोंडातून निघून गेलं." ज्या माणसाच्या तोंडातून सकाळचा सलामसुद्धा विचार केल्याशिवाय निघत नसे, तो मला हे सांगत होता. शब्द मोडला त्यापेक्षा या उत्तराचा मला जास्त संताप आला.

खोत त्या हंगामात असा काही खेळला की विचारू नका. बुधवारी तक्ता लागायचा आणि मी न बघताच जेवायला बसायचो. चाचा दुसरे आले, मी पाचवा. जानेवारीत साहेबानं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्याच आठवड्यात मी सनदची खोली सोडून मनामाला राहायला गेलो. मी सामान बांधत होतो तेव्हा ते दाराशी उभे होते.

एप्रिलमध्ये चाची आल्या. चाचांनी हमद टाउनला फ्लॅट घेतला. जेवायचं बोलावणं आलं, मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा चाचींनी स्वतः फोन केला, तेव्हा नाही म्हणवेना.

तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं कालवण, सगळं अगदी आपल्याकडचं. चाची वाढता वाढता थांबल्या आणि पदरानं डोळे टिपू लागल्या. म्हणाल्या, "लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पन सगळं मिळून दोन वर्षंबी ह्यांच्यासंगं राह्यले नसेन. तुमचे उपकार कसे फेडू? ह्यांनी सगळं सांगितलंय मला. तुम्ही आपनहून माघार घेतलीत. म्हनालात, माझी बायको तरनी हाय, ती कळ काढील, आधी चाचीला येऊ द्या."

मी चाचांकडे पाहिलं. त्यांचा घास हातातच होता आणि मान खाली. एका वाक्यात मी त्या बाईच्या डोळ्यांसमोर त्यांना उघडं पाडू शकलो असतो. माझ्या जिभेवर ते वाक्य आलंही होतं. इतके महिने मी त्याचीच तर जुळवाजुळव करत होतो. माझी खुर्ची त्यांनी घेतली होती, आता माझा रागही काढून घेत होते, आणि तोही माझ्याच मोठेपणाच्या नावाखाली.

"हो चाची," मी म्हणालो. "असंच म्हणालो होतो."

त्यांनी आणखी एक भाकरी माझ्या ताटात वाढली. मी ती खाल्ली.

पुढे चाचा निवृत्त होऊन राजापूरला गेले आणि तिथेच वारले. लोक अजून माझ्यापाशी त्यांची आठवण काढतात आणि मी त्यांच्याबद्दल चांगलंच बोलतो. ते सगळं खरंही आहे. पण मी त्यांना माफ केलेलं नाही, हे आज पहिल्यांदाच लिहितोय.

सुनंदा बहारीनला आली ती त्या जेवणानंतर चार वर्षांनी. तोवर पैसे साठवायच्या नादात मी एकदाही सुट्टीवर गावी गेलो नव्हतो. विमानतळावर मी मुलीला घ्यायला हात पुढे केले, तर ती आईच्या मागे दडली. सुनंदानं तिला पुढे ढकललं. तेव्हा तिनं शहाण्या मुलीसारखा वाकून मला नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, आमचे बाबा कुठे आहेत?"