नेगीभाईंचं दुधाळ पाणी

नेगीभाई पाण्याचा ग्लास आधी खिडकीच्या उजेडात धरायचे, मगच तोंडाला लावायचे. ओमानात, बौशरमधल्या आमच्या पाणी तपासण्याच्या लॅबमध्ये मी नवीन होतो. मला वाटलं, हा माणूस आमच्याच कामावर संशय घेतोय. विचारलं तर हसून म्हणाले, "पानी अच्छा है साहब. बस, इसमें बर्फ का दूध नहीं है."

नेगीभाई गढवालचे, हिमनदीच्या पायथ्याच्या गावातले. लॅबची गाडी चालवणं आणि नमुन्यांच्या बाटल्या धुणं ही त्यांची कामं. बाटली तीनदा धुवायचा नियम होता, ते चारदा धुवायचे. गावी फोन लागला की बायकोच्या तब्येतीआधी ओढ्याची चौकशी. "आज नाला गदला है कि साफ?" उन्हाळ्यात बर्फ वितळून येणारं पाणी दगडाच्या पिठीनं दुधाळ होतं आणि दिवसभराचं ऊन खाऊन संध्याकाळी चढतं, हे मी पुस्तकात वाचलेलं. त्यांच्या ते हाडीमाशी भिनलेलं. "सूरज जितना तपे, उतना हमारा नाला भरे. यहाँ तो सूरज तपे तो बालटी भी सूख जाए," असं म्हणून ते ओमानच्या उन्हाची टिंगल करायचे.

एकदा आम्ही किनाऱ्यावरच्या खाबुऱ्याहून परतत होतो. तिथल्या एका अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, बागेतली विहीर खारट झाली होती. बेसुमार उपशामुळे समुद्राचं पाणी आत शिरलं होतं. त्या मालकापुढे मी तासभर ज्ञान पाजळलं होतं आणि स्वतःवर खूश होतो. गाडी हायवेला लागल्यावर नेगीभाईंनी जपून विषय काढला. "साहब, आठ-दस साल से हमारे नाले में पानी बढ़ रहा है. राजमा हटाकर सेब लगा दूँ? भाई मना करता है. आप पानी के आदमी हो, आप बोलो."

राजमा पावसावर येतो. सफरचंदाला उन्हाळाभर पाट वाहता लागतो. आणि ओढ्याचं पाणी असं वाढत जातं तेव्हा वरचा बर्फ भराभर संपत असतो, यावर मी एम.एस्सी.ला पानभर उत्तर लिहून मार्क मिळवले होते. पण तेव्हा मी मोबाईलवर मॅचचा स्कोअर बघत होतो. मान वर न करता म्हणालो, "पानी बढ़ रहा है ना? फिर सोचना क्या. यल्ला, लगा दो!"

त्यांनी लावली. दर सुट्टीहून येताना फोटो आणायचे. रोपं गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी. दुसऱ्या फोटोच्या वेळी मला ते परीक्षेतलं उत्तर आठवलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. आता रोपं लागलीच आहेत, सांगून काय उपयोग, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मला माझी चूक कबूल करायची नव्हती.

सहाव्या वर्षी ओढा भर जूनमध्ये बारीक राहिला. सातव्या वर्षी पाट कोरडा पडला आणि झाडं उभ्याउभ्या वाळली. डबा खाताना लॅबमधल्या एकानं विचारलं, "नेगीभाई, सेब लगाने को बोला किसने था?" मी डब्यातली भाजी चिवडत राहिलो. नेगीभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "किसी ने नहीं. बर्फ ने बोला था."

गेल्या वर्षी ते कायमचे गावी परतले. मी विमानतळावर सोडायला गेलो होतो. बॅगा तोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "साहब, पानी वापस आएगा क्या?"

येणार नाही, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "इन्शाल्ला."

वीस वर्षं ओमानात काढलेला माणूस तो. साहेबलोक इन्शाल्ला कधी म्हणतात, हे त्यांना चांगलं कळत होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "मतलब नहीं आएगा. कोई बात नहीं, फिर राजमा लगाएँगे. आप दिल पे मत लो." म्हणजे इतकी वर्षं त्यांना सगळं माहीत होतं. तरीही 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

परवा त्यांच्या गावाकडच्या एका माणसाबरोबर राजम्याची पिशवी आली. बायको रोज विचारते, "भिजत घालू का?" मी रोज म्हणतो, उद्या.