कापडापुरता नवरा

माझा नवरा सापडला हे मला पोलिसांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा मला आधी हसूच आलं. सुरतेच्या डिंडोली भागातल्या आमच्या दोन खोल्यांत बसायला जागा नव्हती. लेस लावायला आलेल्या साड्यांचे ढीग खाटेवर, खुर्चीवर, दारापर्यंत. साहेब उभेच राहिले. गुजराती होते, वयस्क, माझ्याशी हिंदीत बोलायचे. म्हणाले, “बेन, आप के मिस्टर एक टापू पे हैं.” जणू त्या बेटावर कुणाच्या लग्नाला गेला होता.

सुरतेत एखाद्या व्यापाऱ्यानं उधारीवर माल उचलून दुकानाला कुलूप ठोकलं आणि पळ काढला की ‘उठमणं झालं’ म्हणतात. माझा नवरा पर्वत पाटियाजवळच्या एका साडीच्या दुकानात आधी मालकाचा उजवा हात होता, मग भागीदार झाला. उठमणं दोघांनी मिळून केलं. ज्यांचं कापड बुडालं ते बहुतेक आमच्याच खानदेशातले, चार माग भाड्यानं घेऊन पोट भरणारे. मालक पकडला गेला, हा निसटला. जाताना मला म्हणाला, “बारडोलीला जाऊन येतो, संध्याकाळी भरीत कर.” मी केलं. दोन दिवस झाकून ठेवलं, मग टाकून दिलं.

पूर्वी मी त्याला ‘हे’ म्हणायचे. भरीत टाकलं त्या दिवसापासून ‘तो’ म्हणायला लागले. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझं बोलणं साड्यांशीच. गल्लीतल्या बायकांची मोठी पंचाईत झाली होती. हळदीकुंकवाला बोलवावं तर हिच्या नवऱ्यानं आपलं कापड बुडवलेलं, न बोलवावं तर हिचा नवरा जिवंत. त्यांनी न बोलावण्याचं ठरवलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण संक्रांतीला दार लावून बसताना मला फार एकटं वाटायचं.

त्या दिवशी साहेबांनी उभ्याउभ्याच फोटो पुढे केला. बेटावर पकडल्यावर तिथल्या कोर्टात हा सांगत होता की तुम्ही शोधता तो माणूस मी नव्हेच. नाव दुसरं, पासपोर्ट दुसरा, वर छातीपर्यंत दाढी. मी म्हटलं, “साहेब, याची दाढी काढायला लावा. डाव्या जबड्याखाली व्रण आहे. तरुणपणी माग चालवायचा, तेव्हा धोटा उडून लागला होता. टाके पडले होते.” बायको ‘हा तो नव्हे’ म्हणेल अशी साहेबांची खात्री असावी. मी त्यांच्याबरोबर जाऊन जबाब लिहून दिला, सही केली.

शेजारची म्हातारी तेवढी माझ्याशी बोलायची. तिनं कपाळाला हात लावला. “कसाले सांगं व माय? आपला माणूस शे ना तो.”

आपला होता म्हणूनच सांगितलं. मला तो परत हवा होता, बेड्या घालून का होईना. मला त्याला एकच विचारायचं होतं: मला बरोबर का नेलं नाही? लोकांना वाटायचं, मला त्याच्या चोरीची लाज वाटते. वाटायचीच. पण त्यानं नुसतं ‘चल’ म्हटलं असतं तर मी चोराची बायको म्हणून निघाले असते, हे मी कुणाला सांगणार?

त्याला परत आणायचं काम लवकर होईना. त्या बेटाचं नाव मला आजही नीट घेता येत नाही. राज्य युरोपातल्या एका देशाचं. आपल्या सरकारनं आधी त्या देशाकडे मागणी केली, तर उत्तर आलं की बेटाचं कोर्ट वेगळं, कायदा वेगळा, तिथं नव्यानं मागा. मी चिडले. राज्य त्यांचं आणि माणूस देता येत नाही म्हणजे काय? साहेब म्हणाले, “दमण समझो, बेन.” मग मला कळलं. दमण आमच्या गुजरातला खेटून आहे, पण इथं दारूबंदी आणि तिथं रांगेनं दारूची दुकानं. दिल्लीचं राज्य दोन्हीकडे आहेच की.

अखेर त्याला देण्याचा हुकूम झाला. साहेबांनी मला बोलावून अटही सांगितली. ज्या गुन्ह्यासाठी मागितला त्याच गुन्ह्याचा खटला चालवायचा, जुनं दुसरं काही उकरायचं नाही. मी विचारलं, “आणि मला टाकून गेला, ते?”

“बेन, वो तो वहाँ गुन्हा ही नहीं है. दोनों जगह गुन्हा हो, वही काग़ज़ में आता है.” फाईल बंद करत ते म्हणाले, “यहाँ भी उसके लिए कौन लाएगा?”

मी घरी येऊन लेस लावत बसले. त्या दिवशी सगळी वाकडी लागली.

त्याला सुरतेच्या कोर्टात आणलं त्या दिवशी मी पहाटे उठून वांगी भाजली. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, डबा भरून कोर्टाच्या व्हरांड्यात उभी राहिले. त्याला आणलं. दाढी नव्हती, व्रण उघडा होता, केस पांढरे झालेले. पोलिसांनी त्याला बाकावर बसवलं. साहेबांनी मला पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं.

मी पुढे झाले. “मला का नेलं नाही तुम्ही?”

त्यानं मान वर केली. मला ओळखलं, नक्की ओळखलं, कारण घरच्या बोलीत बोलला. “वकीलनी सांगेल शे. कापडबिगर काहीच बोलानं नही.”

एवढ्या लांबच्या बेटावरून सरकारनं त्याला आणला होता, मीच आणवला होता, पण बाकावरून माझ्यापर्यंत आणायला कुणाकडेच हुकूम नव्हता. त्याचं नाव पुकारलं तसा तो उठून आत गेला.

डबा मी परत आणला. या खेपेला भरीत टाकलं नाही. ओट्याशी उभी राहून एकटीनं सगळं खाल्लं.