निळी नवरी

‘१४ नोव्हेंबर १८४३, मंगळवार. सकाळपासून धुकं. जुन्या पोशाखांच्या संचाचा कागद आला, या खेपेलाही पिवळसरच. नवरीचा नमुना पुरा केला. कागदाचा पिवळेपणा मारायला झग्याच्या घड्यांत निळा थोडा जास्त घेतला. कोळणीकडून अर्धी वाम घेतली. जिन्याचा कठडा हलतो, सुताराला सांगणे.’

एवढं लिहून ओर्सोला झेनारोने शाई टिपली आणि वही मिटली. ख्रिस्ती मठातल्या शाळेत जोगिणींनी लावलेली ही सवय. पुढे व्हेनिसचं राज्य बुडालं, मठाला कुलूप लागलं, नवरा गेला, पण वहीत खाडा पडला नाही.

सिओर बोर्तोलोच्या छापखान्यात, वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडक्यांना लागून रंगवणाऱ्या बायकांचं लांब टेबल होतं. खालून तांब्याच्या पत्र्यावरची काळी चित्रं छापून यायची. शंभर, दोनशे, तीनशे वर्षांपूर्वीचे पोशाख असत त्यांत. झगे, बुरखे, लाकडी उंच जोडे. ते रंगवायचं काम या बायकांचं. एकीकडे लाल, दुसरीकडे पिवळा, तिसरीकडे निळा. कागद हातोहात पुढे सरकायचा. मधोमध चौकटीला टाचलेला असायचा नमुना, आणि तो रंगवायचा मान ओर्सोलाचा. गेली कित्येक वर्षं या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मुलंबाळं नाहीत, मागेपुढे कोणी नाही. तिच्यापाशी होतं ते एवढंच.

टेबलाचा नियमही तिनेच घालून दिलेला. “नमुन्याकडे बघायचं. आपलं डोकं घरी चुलीपाशी ठेवून यायचं.” कुणी स्वतःच्या मनाने रंग हलका-गडद केला, की ब्रशाची दांडी बोटांवर बसायची.

नवरीचं चित्र रंगून गेलं, त्यानंतर दोन आठवड्यांनी सिओर बोर्तोलो धाडधाड जिना चढून आला आणि त्याने कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

“हे काय आहे? नवरी आहे का कालव्यातून गळ टाकून काढलेलं प्रेत? चौकातला पुस्तकवाला हसून हसून लोळतोय! म्हणतो, हिचं लग्न कुणाशी लावताय, यमाशी?”

सगळ्यांच्या नजरा झानेत्ताकडे गेल्या. निळा रंग तिचा.

“माझ्याकडे काय बघता सिओर? नमुन्याप्रमाणे केलंय मी.”

“म्हणे नमुन्याप्रमाणे! सिओरा ओर्सोलांच्या हातून असलं होईल? स्वतःचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडतेस होय गं?”

ओर्सोला उठली. पोरीवर नाहक आळ येऊ नये, म्हणून तिने गठ्ठ्यातला एक कागद उचलला आणि नमुन्याच्या चौकटीला लावून धरला. दोन्ही अगदी सारखे. तिने डोळ्यांत तेल घालून पुन्हा एकदा पाहिलं.

“तिला बोलू नका सिओर बोर्तोलो. काम चोख आहे. दोन्ही नवऱ्या पांढऱ्याशुभ्र आहेत.”

बोर्तोलोने चौकट आपल्याकडे ओढली, नमुना पाहिला, मग ओर्सोलाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हळूच डोक्यावरची टोपी काढली. त्याचा राग कुठच्या कुठे गेला होता.

ओर्सोलाने त्या टोपीकडे पाहिलं आणि एक कोरा कागद पुढे केला. “झानेत्ता, हा कसल्या रंगाचा आहे?”

“पांढरा.”

“पिवळसर नाही?”

“नाही हो सिओरा. नेहमीचाच तर आहे. मिठासारखा.”

“मग नमुना निळा दिसला, तेव्हा बोलली का नाहीस?”

झानेत्ताला रडू फुटलं. “तुम्हीच सांगितलंय ना बोलायचं नाही म्हणून! या बोटांवर मारून सांगितलंय. मला वाटलं, त्या काळी नवऱ्या निळंच नेसत असतील. तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार.”

“आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं,” टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी पुटपुटलं.

बोर्तोलोने घसा खाकरला. “सिओरा, तुम्ही काही घरी बसायला नको. काळ्याचं काम घ्या. जोडे, टोप्या... काळ्यात काही चुकत नाही.”

तो हे मायेने बोलला होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी जाताना पुलावर ती थांबली. मागच्या हिवाळ्यातला कागदही पिवळसर होता. त्याच्या आधीचा? म्हणजे तेव्हाची ती शिडं, ते आकाश, जोगिणींची ती शिरोवस्त्रं... सगळी चित्रं परमुलखात गेली, लोकांनी चौकटी करून भिंतींवर लावली. व्हेनिसच्या बायका अशा नेसत, म्हणून पोराबाळांना दाखवत असतील. एकही परत मागवता येणार नव्हतं.

मक्याच्या पिठाची पोलेंटा चुलीवर चढवून ती खिडकीशी गेली. नवऱ्याचा एक पांढरा रुमाल तिने उजेडात धरला. एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. पिवळट लोण्याचा रंग. लहानपणी चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेतला, त्या दिवशीचा आपला झगा ती आठवू लागली. तो नक्की पांढरा होता. पण डोळे मिटले तरी झगा लोण्याच्याच रंगाचा दिसला. आठवणीतला पांढरा तरी शाबूत आहे का, हे ती आता कुणाला विचारणार? त्याचा नमुना कुठेच टाचलेला नव्हता.

सोमवारी ती जाणार होती, टेबलाच्या टोकाला बसून जोडे काळे करणार होती. दिवसाउजेडी दुसरं कुठे बसायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. रुमाल तिने धरूनच ठेवला, बाहेरचा उजेड संपेपर्यंत.

त्या संध्याकाळी वहीत तारखेखाली एकच ओळ होती: ‘पोलेंटा बुडाला लागली, भांडं भिजत घातलं.’