मणक्याच्या डॉक्टरांच्या सभेत माझा हात

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझा उजवा हात वर गेला. तिथूनच सगळा घोटाळा! काय सांगू बायांनो, मी काही कमी गोंधळ घालणारी न्हाई, पण हा सगळ्यांत वरचढ.

झालं असं. माझी परी नऊ वर्षांची. तिचा मणका एका बाजूला कलतोय. वर्षभर पाठीला पट्टा हाय. ऑपरेशन लागणार का पट्ट्यावर भागणार, ते त्या दिवशी ठरणार होतं. आमचे डॉक्टर म्हणाले होते, "ताई, शनिवारी बीडला या. आमच्या मणक्याच्या सर्जनांच्या संघटनेची सभा आहे. मोठमोठे डॉक्टर येतील, सगळ्यांना दाखवू."

वडवणीहून पहिली एसटी धरली. पोटात अन्नाचा कण न्हाई. हॉलवर पोचलो तर सभा चालू. दारातली पोरगी म्हणाली, "मागं बसा, तपासणी नंतर." बसलो मायलेकी शेवटच्या रांगेत.

पुढं अध्यक्ष कागद वाचत होते, सगळं इंग्रजीत. वाचून झालं आणि लोकांचे हात वर गेले.

आता तुम्हीच सांगा, आपल्या बचत गटात ठराव वाचला की काय करतो आपण? हात वर! कशासाठी, ते चहाच्या वेळी विचारायचं. जिचा हात खाली राहिला तिला लगेच, "कावून गं, तुलाच कशाचं वावडं?" मीही केला वर.

अध्यक्षांनी मोजले, लिहून घेतले. मग पुन्हा काही बोलले, तर दुसऱ्यांचे हात वर! त्यात एक पांढऱ्या मिशांचे डॉक्टर, लई रागीट. म्हटलं, घडीभरानं हेच परीची पाठ बघणार. यांना नाराज करून कसं चालंल? पुन्हा हात वर!

परी कुजबुजली, "आई, तू दोन्ही येळंस केलास."

"गप गं. मोठ्या माणसांचा मान ठेवावा लागतो."

तेवढ्यात अध्यक्ष उठले, ते थेट मराठीतच बोलले. "हॉलमध्ये सभासद एकोणचाळीस, आणि दोन्ही बाजूंचे मिळून हात एक्केचाळीस! कसे?"

झालं! मिशीवाले गरजले, "बोगस मतदान!" आमचे डॉक्टर म्हणाले, "तुमच्याच बाजूला झालं असेल!" नुसता कालवा. मी शेजारच्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "बघा बाई, इतकी शिकलेली माणसं, अन् बोगस मतदान! ह्यापरीस आमची ग्रामपंचायत बरी."

मग एक जण पेन घेऊन रांगेरांगेनं मोजत आला. माझ्यापाशी थांबला.

"मॅडम, तुमचा सभासद नंबर?"

"मी परीची आई."

एकोणचाळीस माना मागं वळल्या. ह्या लोकांना पाठीचं काम, पण त्या दिवशी सगळ्यांनी मानेचा व्यायाम केला!

मिशीवाले माझ्यासमोर आले. "बाई, दोन्ही बाजूंनी हात?"

मला रडूच फुटलं. "साहेब, माझ्या लेकीचं ऑपरेशन लागतंय का, ते तुमी लोक ठरवणार. मी कोणत्या डॉक्टरला नाराज करू?"

हॉल हसला. मग आमच्या डॉक्टरांनी मला वाद समजावला. नियम बदलायचा होता: दरवर्षी एका तालुक्यात मोफत तपासणी शिबिर घ्यायचंच. मिशीवाल्यांचा विरोध. म्हणे, "शिबिरात सर्दी-खोकल्याचे येतात. मणक्याचं कोण येतं?"

"ही आली," मी परीला पुढं केलं. "वडवणीच्या शिबिरातच सापडलं. तोवर आमी खांदा वाकडा म्हणून दप्तरालाच शिव्या देत होतो."

मिशीवाल्यांनी तिथंच परीला पुढं वाकवलं, पाठीवरून हळू हात फिरवला, एक्स-रेचे फोटो उजेडात धरून बघितले. शेवटी म्हणाले, "ऑपरेशन नको. पट्टा चालू ठेवा. वेळेवर आणलंत."

मी पाया पडायला वाकले, तर म्हणतात, "अहो, कमरेतून नका वाकू, गुडघे वाकवा!"

मतदान पुन्हा झालं. पहिला हात मिशीवाल्यांचा. मी मात्र दोन्ही हातांवर बसून होते. नियम पास झाला! देव त्यांचं भलं करो.

अन् अध्यक्षांनी लगेच आणखी एक नियम मांडला: मतदानाच्या वेळी सभासदांशिवाय कुणी हॉलमध्ये बसू नये. तो एकमतानं पास. एवढ्या मोठ्या सर्जनांच्या नियमात एक ओळ निव्वळ माझ्या कर्तबगारीची!

पुढचं शिबिर माजलगावला हाय. तेवढा निरोप सगळीकडं पोचवा, ऊसतोडीला गेलेल्या बायांना फोन करून सांगा. लेकराचा एक खांदा वर दिसला तर दप्तराला शिव्या देत बसू नका, घेऊन या. फक्त हात, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वर करू नका.