शेंडेफळाचा केसपेपर

आमच्या लुझिन गावात माणूस पाद्रीबाबांशी खोटं बोलतो, सरपंचाशी बोलतो, बायकोशी तर सकाळ-संध्याकाळ बोलतो. क्वेटाशी बोलताना मात्र त्याची जीभ अडखळते, कारण क्वेटाने निम्म्या गावाचं ढुंगण पाहिलेलं आहे. एक्केचाळीस वर्षं ती आमच्या चार गावांची नर्स होती. पांढरी टोपी, खाकी पिशवी आणि फटफट करणारी मोपेड. गावाला ती अजूनही 'सिस्टर' आहे. मी एकटाच तिला 'अगं क्वेटा' म्हणतो. आम्ही एका वर्गात होतो, आणि ती गणिताचा पेपर कुणाच्या पाटीवरून उतरवायची ते मला माहीत आहे.

तिचा नवरा लेओपोल्ड आमच्या नेमबाजी क्लबात बंदुका दुरुस्त करायचा. स्वभावाने इतका गरीब, की स्क्रू पिळतानासुद्धा त्याची माफी मागेल. तो गेला, त्याच्या पुढच्या आठवड्यात क्वेटा त्याच्या कामाच्या बाकावरचा शिकंजा न्यायला क्लबात आली. तिथे पोस्टमास्तर कपाळाला हात लावून बसलेला. त्याचं शेंडेफळ अडकत होतं.

आमचं मैदान जुन्या वीटभट्टीच्या मागे. तिथे मोठी गोळी झाडायला परवानगी नाही; शेजारच्या कोंबड्या अंडी देत नाहीत म्हणे. म्हणून प्रत्येकाजवळ पिस्तूल मोठं, पण त्यावर बदली संच छोटा. मूठ तीच, चाप तोच. वरची स्लाइड, नळी आणि मॅगझीन तेवढं बदलायचं, की तेच पिस्तूल शेंगदाण्याएवढं काडतूस खायला लागतं. या संचाला आम्ही शेंडेफळ म्हणतो. लाडही तसेच असतात. हे खाणार, ते नाही खाणार, जरा गार वाटलं की रुसणार.

क्वेटाने शिकंजा खाली ठेवला आणि पोस्टमास्तरला विचारलं, "काय खायला घालतोस याला?"

"नेहमीचंच, सिस्टर."

"नेहमीचं म्हणजे काय? खिसा दाखव."

खिशातून निघाली ती मवाळ, कमी आवाजाची काडतुसं. पोस्टमास्तरचा कुत्रा बुब्लिक आवाजाला भितो, गोळी सुटली की सायकलींच्या शेडमध्ये जाऊन थरथरत बसतो, म्हणून हा प्रेमळ माणूस पिस्तुलाला पेज पाजत होता. तेवढ्या धक्क्याने स्लाइड पुरती मागे जाईना, रिकामी पुंगळी बाहेर पडेना. क्वेटाने जोरकस काडतुसं घालायला लावली आणि शेंडेफळ घोड्यासारखं पळालं. बुब्लिक शेडमध्येच राहिला, पण त्याला इलाज नव्हता.

शिकंजा त्या दिवशी घरी गेला नाही. बाकाची किल्ली क्वेटाच्या गळ्यात आली, आणि दवाखान्यातले उरलेले केसपेपर बाकाच्या खणात. नाव, वय, तक्रार, आहार, शेवटची आंघोळ. होय, आंघोळ. आमच्या जनावरांच्या डॉक्टरने दोन वर्षं संच धुतलाच नव्हता. या छोट्या काडतुसांच्या गोळीला मेण असतं, दारूची राखही पुष्कळ. आत काळी खरवड जमली होती. "गाईच्या कासेला हात लावण्याआधी साबण लावतोस ना रे?" एवढंच क्वेटा म्हणाली. तो लाल झाला. मास्तरीणबाईंचं दुखणं वेगळं. त्या गप्पा मारत मॅगझीन भरायच्या. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्याची कड खालच्याच्या पुढे बसली पाहिजे, मागे बसली की दोघांची शिंगं अडकतात. क्वेटाने त्यांना मॅगझीन भरताना तोंड मिटायला सांगितलं. संच तेव्हापासून ठणठणीत आहे. मास्तरीणबाईंना जरा त्रास होतो.

अशी नऊ वर्षं गेली. मग यंदाच्या शरदात दोन गोष्टी एकदमच झाल्या.

एक म्हणजे गावात राडिम आला. शिकलेला पोरगा, बंदुका दुरुस्तीचं प्रमाणपत्र भिंतीवर, हत्यारांची पेटी अशी, की दंतवैद्याने लाजावं. दुसरी म्हणजे क्लबचा अध्यक्ष बोहुमीर स्कोपाल (क्वेटाच्या तोंडी बोहुश) याचं शेंडेफळ अडकायला लागलं. चार गोळ्या बऱ्या, पाचवीला स्लाइड अर्ध्यात थांबलेली, आळशी दारासारखी.

स्कोपाल म्हणजे कोण? अंगाने भट्टीतल्या पावासारखा फुगलेला, आवाज बँडवाल्याचा. क्लबाच्या भिंतीवर त्याने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे: 'पिस्तुलाला फक्त पिस्तुलाचं तेल. गावठी उपाय करणाऱ्याची हकालपट्टी. — अध्यक्ष.' कुणा बिचाऱ्याने शिवणयंत्राचं तेल घातलं होतं, त्यावरून हे रामायण झालं. ही पाटी लक्षात ठेवा.

राडिमने संच उलटसुलट पाहिला. "जुना झालाय. नवीन घ्या," म्हणाला.

क्वेटाने त्याच्या हातातून तो घेतला. "काही झालेलं नाही याला. याला कुणीतरी काहीतरी खायला घालतंय."

संध्याकाळी खानावळीत बिअरचे ग्लास आणि वास मारणाऱ्या चीजच्या बशा समोर ठेवून समितीची बैठक झाली. कुणी थेट बोलेना. शेवटी पोस्टमास्तर म्हणाला, की सिस्टर आता चौऱ्याहत्तरच्या, कॉफी ओतताना हात कापतो...

"कॉफी ओतताना कापतो," क्वेटा म्हणाली. "तुझ्या बायकोचे टाके घालताना कापला नव्हता."

"तेव्हा तुम्ही चाळिशीत होतात, सिस्टर."

मी पाहिलं, तिचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला. त्या बाकावर लेओपोल्डच्या कोपरांनी पडलेले दोन खोलगट डाग आहेत. ती आपली कोपरं बरोब्बर त्यातच ठेवते. हे मी कधी तिला बोलून दाखवलं नाही. चिडवायलाही काही मर्यादा असते.

ठरलं ते असं: संत मार्टिनच्या सणाच्या शनिवारी शेजारच्या दोब्रोत गावाशी सामना. त्याआधी सकाळी अध्यक्षांच्या संचातून सलग शंभर गोळ्या न अडकता सुटल्या, तर बाक क्वेटाचा. अडकल्या तर किल्ली राडिमची.

"मला घाई नाहीये, सिस्टर," राडिम बिचारा पुटपुटला.

"मला आहे," क्वेटा म्हणाली. "तक्रार कधीपासून, बोहुश?"

"महिना झाला."

"तेल कोणतं?"

"पाटीवर लिहिलंय तेच," स्कोपाल म्हणाला, आणि त्याने चीजच्या बशीकडे पाहिलं. माझं सगळं आयुष्य न्हाव्याच्या खुर्चीमागे गेलं. आरशात माणूस कधी नजर चुकवतो ते मला कळतं. क्वेटालाही कळतं, पण ती नाडी बघितल्याशिवाय निदान करत नाही.

तिने एकेक गोष्ट बदलून पाहिली, एका वेळी एकच. काडतुसं बदलली, अडकलं. मास्तरीणबाईंचं मॅगझीन लावलं, अडकलं. नवी स्प्रिंग, तरी तेच. पुंगळी ओढणारी नखी भिंगाखाली पाहिली, धारदार होती. मग सगळं धुतलं, पुसलं, पाटीवरचं तेल थेंबभर लावलं आणि राडिमच्या हाती दिलं. पन्नास गोळ्या सलग. क्वेटाने केसपेपरवर लिहिलं, 'बरे वाटत आहे, घरी सोडले.'

दोन दिवसांनी स्कोपाल परत. पुन्हा पाचव्या गोळीला अडकलं.

पुन्हा धुतलं, पुन्हा बरं, पुन्हा घरी, पुन्हा आजारी. गुरुवारी ती माझ्याकडे केस कापायला आली. मी म्हटलं, "क्वेटा, दे किल्ली, आणि माझ्याबरोबर पत्ते खेळायला बस."

"तुझ्याबरोबर खेळण्यापेक्षा दोब्रोतला राहायला जाईन," ती म्हणाली. मग आरशात बघत सावकाश बोलली, "मूल दवाखान्यात बरं असतं आणि घरी गेलं की आजारी पडतं, तेव्हा काय समजायचं, ठाऊक आहे? घरी एक आजी आहे, गुपचूप आपलं औषध चाटवणारी."

शनिवारी सकाळी वीटभट्टीवर गवत पांढरं झालं होतं. श्वासाच्या वाफा निघत होत्या. दोब्रोतचे लोक अजून यायचे होते. स्कोपालने आपली पेटी टेबलावर ठेवली, आणि तेवढ्यात क्वेटा थबकली. तिचं पेटीकडे लक्षच नव्हतं. ती बुब्लिककडे बघत होती.

सायकलींच्या शेडमध्ये थरथरत बसणारा बुब्लिक स्कोपालच्या बुटांशी येऊन बसला होता. मान वर, डोळे पेटीवर, तोंडातून लाळेची तार.

"हा इथे कधीपासून बसतो?" तिने पोस्टमास्तरला विचारलं.

"महिना झाला. अध्यक्षांवर जीव जडलाय त्याचा. मला वाटलं, भीती गेली."

क्वेटाने पिस्तूल काढलं, मॅगझीन बाहेर, नळी रिकामी असल्याचं स्वतः पाहिलं, राडिमलाही पाहायला लावलं. मग स्लाइड सुटी करून फडक्यावर ठेवली आणि फडकं जमिनीवर. बुब्लिक पुढे आला. त्याने डोळे मिटले आणि स्लाइड आतून-बाहेरून इतक्या मनापासून चाटली, की मास्तरीणबाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं.

क्वेटाने स्लाइड उचलून नाकाशी नेली. "कांदा," ती म्हणाली. "आणि थोडा मरवा. बोहुश, हंस कुणी भाजला?"

स्कोपालच्या त्या बँडवाल्या आवाजाचं पिपाणीत रूपांतर झालं. "ओटीलाने. बायकोने. चरबी बरणीत भरून ठेवलेली असते."

"आणि ती तू याला चोळतोस."

"स्वयंपाकघरात लोण्यासारखी सरकते हो, सिस्टर. मी रोज करून बघायचो."

"स्वयंपाकघरात सरकणारच. चुलीजवळ असतोस. इथे गारठ्यात ती थिजते, त्यात मेण आणि राख मिसळते, झाला चिखल." तिने मागे भिंतीकडे बोट केलं. "पाटी कुणाची आहे ही?"

सगळे पाटीकडे बघायला लागले, जणू आज नव्याने लागली होती. स्कोपाल बुटाने गवत उकरत राहिला. मग एकाएकी त्याने मान वर केली.

"पण तुम्हीच सांगितलं होतंत."

"मी?"

"मी सहा वर्षांचा होतो. छातीत कफ दाटला होता. तुम्ही मोपेडवरून आलात आणि आईला म्हणालात, हंसाची चरबी चोळा, अडकलेलं सगळं सुटतं. आई रोज चोळायची. सुटलं. मग आमच्या घरात सगळ्यालाच चोळायला लागले. दाराच्या बिजागरीला, आजोबांच्या गुडघ्याला, अकॉर्डियनच्या बटणांना."

"छातीला सांगितलं होतं, मूर्खा. पिस्तुलाला नाही."

"महिन्यापूर्वी एकदा यातही काहीतरी अडकलंच होतं की."

लोक हसायला लागले ते थांबेनात. क्वेटा हसली नाही. ती बाकापाशी बसली, केसपेपर काढला, 'आजाराचे कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. मग तिने तिथे स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्याखाली सही केली. तिच्या त्या आजीचा पत्ता तिला सापडला होता.

शंभर गोळ्या मात्र बाकी होत्या. तिने स्लाइड धुतली, सुकवली, तेलाचा एक थेंब लावला. दहा मॅगझिनं स्वतः भरली, प्रत्येक कड खालच्याच्या पुढे, एक शब्द न बोलता. हात कापत नव्हता. मी मुद्दाम पाहिलं.

स्कोपाल झाडत गेला, मी मोजत गेलो. चाळीस. सत्तर. पुंगळ्या गवतावर टपटप पडत होत्या. नव्वद. त्र्याण्णवाव्या गोळीला नुसतं 'टक्' झालं.

"नळी समोरच ठेव, उशिराही सुटते कधी," क्वेटा म्हणाली, आणि छातीवर टाचलेल्या घड्याळाकडे बघत अर्धं मिनिट मोजलं, नाडी मोजावी तसं. मग काडतूस बाहेर काढून तिने ते राडिमच्या तळहातावर ठेवलं. "तू सांग. तू शिकलेला आहेस."

त्या पोराने 'अडकलं' एवढंच म्हणायचा अवकाश होता. बाक, किल्ली, अख्खा क्लब त्याचा झाला असता. त्याने खाली वाकून पाच रिकाम्या पुंगळ्या उचलल्या, त्यांच्या शेजारी ते काडतूस धरलं आणि एकेक करून ताडून पाहिलं.

"बुडावर ठोका बरोबर बसलाय," तो म्हणाला. "बाकीच्यांइतकाच खोल. या काडतुसाच्या कडेत त्या जागी पेट घेणारा मसालाच नसणार. दोष काडतुसाचा आहे, संचाचा नाही. आणि अडकलं तर काहीच नव्हतं." त्याने ते जरा फिरवून परत नळीत घातलं. स्कोपालने चाप ओढला, आणि गोळी सुटली. उरलेल्या सातही सुटल्या.

राडिम क्वेटाकडे वळला. "सिस्टर, तो वासाचा भाग मला कुणी शिकवला नव्हता."

"मंगळवारी ये," क्वेटा म्हणाली. "साबण घेऊन ये. आणि खुर्ची आण, बाकावर कोपरं ठेवायची जागा माझी आहे."

सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. स्कोपालचं पिस्तूल एकदाही अडकलं नाही, आणि हेच त्याचं दुःख झालं. दरवर्षी नेम चुकला की तो शेंडेफळाकडे बोट दाखवायचा; यंदा बोट दाखवायला बुब्लिकसुद्धा उरला नाही, तो शेडमध्ये परत गेला होता. रात्रीच्या जेवणाला ओटीलाने भाजलेला हंस, लाल कोबी आणि पिठाचे उकडलेले गोळे वाढले, आणि स्कोपालच्या ताटात तिने चरबी जरा जास्तच ओतली. "अडकू नये म्हणून," ती म्हणाली.

अध्यक्षांची हकालपट्टी झाली नाही. पाटीही अजून तिथेच आहे. फक्त तिच्या खाली, दवाखान्यातल्या जांभळ्या शाईने, नर्सच्या त्या गोल गोल अक्षरात एक ओळ वाढली आहे: 'हंसाची चरबी फक्त छातीला. दिवसातून दोनदा.'