हूं आणि अंहं

"दुसरीतून परत पहिलीत? माझी पोर काय ढ आहे?"

"ढ कोण म्हणालं? एक वर्ष मागे बसू दे, एवढंच म्हणतेय शाळा. चारपर्यंत कागद द्यायचाय, सही कर."

"ताई, तू जन्मभर पहिलीला शिकवलंस, तुला सगळ्याच पोरांची नाकं गळताना दिसतात!"

शिंपिणीने इस्त्री आपटली. वाफेचा ढग उठला आणि पलीकडे कापडांच्या ढिगावर झोपलेली लेक क्षणभर पाण्याखाली असल्यासारखी दिसली. दोन वर्षांपूर्वी ती समुद्रापलीकडून दत्तक आली, पाच वर्षांची. तेव्हा दुपारच्या झोपेत तिकडच्या भाषेत बडबडायची. शब्द कळत नसे. तरी शिंपीण मशीन थांबवून ऐकत बसायची, लांबून कुणी बोलावतंय असं वाटायचं.

"हल्ली झोपेत कुठल्या भाषेत बोलते गं?" ताईने विचारलं.

"हल्ली... बोलतच नाही."

"म्हणजे तिकडची गेली, इकडची अजून आली नाही."

"आली नाही कशी? गिऱ्हाइकांशी पोपटासारखी बोलते. या, बसा, उद्या मिळेल!"

"पोपटासारखीच."

एवढ्यात पोर डोळे चोळत उठली. मावशीने तिला जवळ ओढलं. "काल काय झालं गं शाळेत?"

पोरीने भुवया उडवल्या, एक पाय लंगडत टाकला, दोन्ही हात हवेत फेकले. "हूं... अंहं... हूं!"

शिंपीण खळखळून हसली. "बाकाला ठेच लागली, डबा सांडला, मग मैत्रिणीने आपल्यातला दिला. एवढंसं कळत नाही तुला?"

"मला नाही कळलं. तिच्या बाईंना कसं कळावं?"

शिंपिणीचं हसू ओठांतच राहिलं. त्या ओठांत दिवसभर टाचण्या असायच्या, म्हणून बोलणं हुंकारांतच. दोरा हवा? हूं. खेळायला जाऊ? अंहं. पोरीने बोट उचलायच्या आत कात्री हातात. दोन वर्षांत दोघींचं कधी काही अडलं नाही, याचाच तिला केवढा अभिमान! आणि पोरीने तीच इथली भाषा समजून, मन लावून शिकून घेतली होती.

तिने कागद ओढला, सही केली.

"रागावलीस माझ्यावर?" ताईचा आवाज एकदम मऊ झाला.

शिंपिणीने शाळेत द्यायला कागद घेतला, लेकीच्या पायांत चपला सरकवल्या, दार उघडलं. "हा जिना बरं का, बाळा. आपण उतरतोय. हा कठडा, हात लाव. गार लागला? कसा लागला, सांग मला..."

बोलत बोलत ती खाली गेली.