सान इसिद्रोच्या मोटारीचा चंदेरी रंग

नवरा अमादोर वारून दोन महिने झाले, तरी फेलिसा रोज सकाळी मोटारीखालचा पुठ्ठा बदलायची. तो असताना या पुठ्ठ्यावरून तिची कटकट चालायची. आता ऐकायला माणूस नव्हता, पण तेलाने काळा झालेला पुठ्ठा हात आपसूक ओढून काढायचे आणि कोरा आत सरकवायचे. रडू अजून आलंच नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, देवाने बळ दिलं. तिला बळ वाटत नव्हतं. दाढ काढताना भूल द्यावी तसं आतून सगळं बधिर झालं होतं.

मोटार अमादोरच्या बापाची. दर मे महिन्यात सणाला गावचा संत सान इसिद्रो याच्या मूर्तीचा रथ हीच ओढायची. गेल्या सणानंतर तिच्या गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं. मिरवणुकीत बायका अनवाणी चालतात. तेलावरून एखादीचा पाय सटकला म्हणजे? गळती थांबली नाही तर येत्या रविवारी सणाला रथाला पलीकडच्या आळीतला ट्रक जोडू, असं चर्चच्या मंडळींनी सांगून ठेवलं होतं.

शुक्रवारी दुपारी धाकटा दीर देल्फिन मोटारीखाली शिरला. फेलिसा शेजारी फरशीवर टॉर्च धरून बसली.

"वहिनी, तेल अडवणारं हे सील दुसऱ्यांदा बदलतोय. पुन्हा गळलं तर या मोटारीशी माझं लग्नच लावून टाका."

"तुझी बायको तिला आधीपासून सवतच म्हणते."

बोलणं सवयीने आलं. चेहरा हलला नाही.

"टॉर्च का हलतोय? माळ ओढताय?"

"ओढतेय. तुझ्याच नावाने."

उजेड नीट पडावा म्हणून ती वाकली. "भावजी, वरती चकाकतंय काय?"

"रंग. रथाचा उरलेला चंदेरी. मागच्या सणाला दादाने फासला. म्हणाला, मागे संत झळकणार आणि मोटारीचं पोट काळं, बरं दिसत नाही."

"पोट कोण बघतं?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, संत बघतो."

"मग गळतंय तेही तेव्हापासूनच."

देल्फिनची बोटं वर चाचपडू लागली.

"अरे देवा! इथे हवा जायला बारीक भोक असतं, ते दादाने रंगाने लिंपलंय. गिअरची पेटी तापली की हवा कोंडते आणि तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. पिन द्या एखादी."

तिने छातीवरची सुतकाची काळी फीत सोडवून तिची पिन पुढे केली.

"ही कशाला! दुसरी बघा ना."

"घे रे. आता उठून कुठे शोधू?"

टोकरून निघालेला चंदेरी पापुद्रा त्याने तिच्या तळहातावर ठेवला. आता रडू येईल, असं तिला वाटलं. ती वाट बघत बसली. आलं नाही. पापुद्रा झग्याच्या खिशात गेला आणि तेलकट पिनेने फीत पुन्हा छातीवर लागली.

नवं सील बसवून देल्फिनने मोटार नदीपर्यंत पळवून, चांगली तापवून आणली. शनिवारी सकाळी पुठ्ठा कोरडा होता.

रविवारी मोटारीने रथ ओढला. फेलिसा मागून अनवाणी चालत होती, नजर रस्त्यावर.

"अगं, संताकडे बघ की," शेजारीण म्हणाली.

"बघते," ती म्हणाली आणि रस्ताच बघत राहिली. चर्चच्या दारापर्यंत तो कोरडा होता.

सोमवारी सकाळी तिने कोरडा पुठ्ठा ओढून काढला आणि दुसरा कोरा आत सरकवला.